आबांच्या पान्यावरचं नाव

पारोळा, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९९१

आज ब्रेक ऑइलच्या कंपनीचा माणूस गॅरेजवर आला होता. आबांचा जुना पाना उचलून त्यावरचं नाव वाचतच राहिला.

"ही तर आमचीच कंपनी! आम्ही पाने बनवायचो?"

"बनवायचे की. माझ्या वडलांनी याच पान्यावर गॅरेज उभं केलं."

साहेबांना दाखवायला मागत होता, बदल्यात अख्खा नवा सेट. मी नाहीच म्हणालो. जरा तुटकच बोललो का? त्याचा चेहरा उतरला. मग मीच पान्यावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. नाव ठसठशीत उमटलं.

कागद खिशात जपून ठेवत म्हणाला, "भाऊ, हे साहेबांना नाही, घरी आईला दाखवतो. पोरगा किती जुन्या कंपनीत आहे, ते कळू दे तिला."

मग दोघांनी निवांत चहा घेतला.