बाहेरचा दगड

सकीनावहिनी,

मिरवणुकीच्या दिवशी नियाजभाई दुकानातून बाहेर आले ते भांडण सोडवायला. दोन्हीकडच्या पोरांना ते हात जोडत होते, तेवढ्यात दगड कपाळावर बसला. आठ दिवसांनी ते गेले.

त्या आठवड्यात पनवेल पेटलंच असतं. देवस्थानचा अध्यक्ष म्हणून मी आणि मशिदीचे मौलाना, आम्ही दोघं गल्लोगल्ली फिरलो. "दगड मारणारे बाहेरचे होते," असं मी माईकवर सांगितलं. लोकांनी ऐकलं. कुणाचं घर जळलं नाही.

वहिनी, तो दगड माझ्या मुलाने, इंद्रजीतने मारला. मी दहा पावलांवर होतो.

मौलानांना मी खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "आज बोललात तर अजून जनाजे उठतील. शहर शांत झालं की सकीनाला तुम्हीच सांगा."

शहर शांत होऊन दोन वर्षं झाली. शांतता समितीने आमचा सत्कार केला, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत होतात. दोनदा तुमच्या जिन्यापर्यंत येऊन परत फिरलो. अशी तीन पत्रं लिहून फाडली.

काल ईदचा शीरखुर्मा घेऊन तुम्ही आलात. दार इंद्रजीतने उघडलं. "किती वाळलास रे! चाचा असते तर रागावले असते," म्हणत तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात. तो डबा धरून तसाच उभा राहिला.

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

'आपला' लिहायला हात धजत नाही,
दीनानाथ