तारांना विसावा

४ मार्च, मंगळवार

परत उतरली! सहाच्या सहा तारा. नात कामावरून आली, गिटार मांडीवर घेतली, एकदा झणकारली आणि तोंड असं केलं, जसं काही मीच दूध नासवलं. लावली, तालमीला पळाली. आल्यावर दारातूनच — "अर्ध्या गाण्यात पुन्हा उतरली, आजी! सगळे थांबून माझ्याकडे बघत होते."

बँडचा सहा महिन्यांचा दौरा आहे, महिनाअखेरीला निघायचंय. ड्रमवाला म्हणे, पंधरा तारखेपर्यंत गिटार ठिकाणावर आण, नाहीतर दुसरी वाजवणारी बघतो.

सूनबाई, "म्हणे" पण लिही. मी बोलते तसंच लिही. हात तुझा, वही माझी!

६ मार्च

नव्या तारा आणल्या. जुन्यांना गंज चढला होता. बसवताना मी शेजारी — खुंटीला एकच वेढा देत होती! "अगं, शिलाईच्या रिळाला सुद्धा एका वेढ्यात दोरा धरत नाही." डोळे फिरवले, पण दिले तीन. मग एकेक तार बोटाने ओढून ताणली. नवी तार आधी लांबते, मग बसते म्हणाली.

७ मार्च

उतरली.

९ मार्च

गिटारच्या मानेवर वर एक पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांत तारा अडकतात. तिथे पेन्सिलीचं शिसं घासलं की सरकतात, असं कुणी तिला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा पेन्सिल धरली मी, तीही गिटार गिरवायला! खाचा काळ्या, बोटं काळी. संध्याकाळी तीच रड.

११ मार्च

आज बँडमधला गाणारा तिला म्हणाला, "गिटारला काही झालं नाही. तुझा कानच गेलाय."

जेवली नाही. "आजी, मला खरंच सूर कळत नसेल." शेजाऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न कुठल्या सुरात वाजतो ते सांगणारी पोर ही! मी म्हटलं, "गाणाऱ्याच्या कानात बोळा असेल." हसली नाही. माझ्या बोलण्यावर ती हसली नाही, असं कधी झालं नव्हतं.

१२ मार्च

दोघी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दुकान एवढंसं, भिंतीवर गिटारी मानेने टांगलेल्या. त्याने खुंट्या पिळल्या, मान डोळ्याशी धरून बघितली.

"काही दोष नाही. आणि उतरली तर एखाददुसरी उतरेल, सहाही सारख्या? हिला रोज कुणी सैल करतं का? तार ताणात राहूनच बसते. रोज सैल केली तर बसणार कधी?"

"छे! आमच्या घरात कोण हात लावणार?" नात म्हणाली.

मी भिंतीवरच्या गिटारी मोजत बसले.

१३ मार्च

लिही सूनबाई. हात लावणारी मीच.

तीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढली. काम सुटलं की ताणा सैल करायचा, सुताला विसावा द्यायचा. नाहीतर सकाळी धागे तुटलेले आणि मुकादम डोक्यावर! तसंच रोज दुपारी, पोर कामावर असताना, मी सहाही खुंट्या पाव वळसा मागे घेत होते. मायेने हो! पोर दमते, तारा दमत नसतील?

सूनबाईचं पेन थांबलं. "लिही," म्हटलं. तिने मान वर केली नाही.

आज मी गिटारला हात लावला नाही. पण पोरीनेही लावला नाही! उद्या ड्रमवाल्याला सांगणारे, माझ्या जागी दुसरी घ्या. मी अजून गप्पच. मुकादमाला न घाबरलेली बाई नातीला घाबरते — हसू नकोस गं.

१४ मार्च

सांगितलं. सकाळी, ती चप्पल घालताना, एका दमात.

मटकन खाली बसली. "तीन दिवस मी स्वतःला बहिरी समजतेय, आजी! तीन दिवस!" रडली. खूप बोलली. ते लिहू नकोस, माझं मी गिळलं.

मग भिंतीकडे तोंड करून बसली. "फिरव. कुठलीही एक. अगदी थोडी." फिरवली, छेडली.

"तिसरी."

परत फिरवली.

"पाचवी. आणि उतरवली नाहीस, चढवलीस. लबाड म्हातारी!"

मग मी नुसतंच छेडलं, खुंटीला हात न लावता.

"काही केलं नाहीस."

एकदाही चुकली नाही! उठून तिने ड्रमवाल्याला फोन लावला. मग गिटार लावून कोपऱ्यात उभी केली आणि मला बोट दाखवलं — "खबरदार!"

१५ मार्च

टिकली! दोन तास, सगळी गाणी. गाणाऱ्याने तोंड उघडलं ते फक्त गायला. जातेय माझी पोर!

२९ मार्च

हे सासूबाईंनी सांगितलेलं नाही. त्या शेजारीच बसल्यात. काय लिहितेस विचारलं, मी म्हटलं, तारीख. त्यांना वाचता येत नाही.

पहिल्या दुपारपासून मी त्यांना खुंट्या मागे घेताना बघत होते. तारा का उतरतात, मला ठाऊक होतं. बोलले नाही. गिटार टिकली नाही तर माझी लेक घरी राहील, एवढंच डोक्यात होतं. ती स्वतःला बहिरी समजायला लागली, तेव्हाही बोलले नाही.

तिला वाचता येतं. वही तिच्या बॅगेत ठेवतेय, अगदी वर.