टँकरचं कडवं

१० ऑग., रवि.
पंधरा ऑगस्टला सोसायटीत आमचं बायकांचं गाण्याचं पथक गाणार. गळ मीच घातली होती. चेअरमन काकांना गाणं वाचायला दिलं, पथकातल्या निर्मलाताईने रचलेलं. ‘तुमच्या टाकीला टँकर येतो, आमच्या हंड्याला रांग’ इथे थांबले. "अहो, अशा दिवशी टँकर कशाला? सभासदांना लागेल. ते शेवटचं एकजुटीचं कडवं घ्या ना, झकास आहे." मी हो म्हणून मोकळी. भाड्याने राहतो, वाकडं कशाला घ्या. ताईला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं.

१४ ऑग.
आज फोन करणार होते. ऑफिसात रिलीज, मग मीटिंग, मग... नाही केला.

१५ ऑग.
मेले मी. टँकरचं कडवं मागे झील धरणाऱ्या बायकाच उचलतात, पुढची नंतर म्हणते. पुढे मी. मी ते सोडून थेट एकजुटीवर उडी मारली. त्यांना काय माहीत? ताईने सवयीने टँकर उचलला, खणखणीत. आणि मी हात वर करून तिला गप्प केलं. माइकसमोर, सगळ्यांदेखत, तिच्याच गाण्यात. टाळ्या पडल्या. नंतर इडली होती. ताई थांबली नाही, बस चुकेल म्हणाली.
घरी नवरा, कर्वेनगरचा अस्सल पुणेकर: "छान. देश एक झाला, पथक मोडलं."

१६ ऑग., शनि.
तालमीला हडपसरला, ताईकडे. सगळं सांगितलं, चेअरमन, भाडं, सगळं. वाटलं चार शिव्या तरी घालेल. म्हणाली, "मले आधी सांगतलं असतं तं मी आलीच नसती. इतकंच." पुढे मेथी निवडत बसली. यवतमाळची माणसं आम्ही दोघी, इथे माहेर म्हणून तीच एक. शिव्या परवडल्या असत्या.
चुकेल त्याने मागे उभं राहायचं, ही पथकाची रीत. कोणी म्हणायच्या आत मागे गेले. पुढे ताई.

२४ ऑग., रवि.
मंडईजवळ कार्यक्रम. आज ते कडवं उचलायचं होतं ते मी, मागून. तेवढ्यात समोर चेअरमन काकू, गणपतीच्या खरेदीला आलेल्या. ओळखून हात केला. मी नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. बाकीच्या दोघींनी रेटून नेलं. तेव्हा निदान काका आडवे आले होते. आज कोण आडवं आलं? बिचारीने नुसता हात केला होता.
खाली उतरल्यावर ताई: "काहून वं, गळा बसला का?"
हो म्हटलं. तिला, तोंडावर.
संध्याकाळी तिचा फोन. हळद घालून दूध पी, शनिवारी लवकर ये, कडवं तुलेच उचलाचं हाय.
कोणत्या तोंडाने जाऊ.