दिवस भरलेल्या बायकांचे घर

मी, इस्मे ला रोझ, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा खोबरेल तेल काढणे, एके काळची संसद सदस्य, राहणार माराबो घाट, पोमेरून नदीचे मुख, आज माझ्या घराच्या व्हरांड्यात बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल डॉक्टर तसे म्हणत नाहीत, म्हणून ही घाई. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लालूच दिलेली नाही. भाची मार्व्हा मधूनच येऊन "मावशी, आटप गं, मासे गार होतायत" म्हणते, एवढाच काय तो माझ्यावर दबाव. यापूर्वी मी तोंडी किंवा लेखी जे काही कोणाला कबूल केले असेल ते सर्व रद्द समजावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मार्व्हाने करावी. ती माझी धाकटी बहीण व्हर्ना हिची थोरली मुलगी. तिला मी वाढवले.

एक. सदरहू घर, जे खांबांवर उभे आहे आणि ज्याच्या खालून भरतीचे पाणी जाते, ते पावसाच्या पाण्याच्या टाकीसह, खाटा, झुले व भांड्यांसह, नदीवरच्या बायकांना मिळावे. दिवस भरत आलेल्या कोणत्याही बाईने इथे यावे, राहावे आणि कळा सुरू झाल्या की इथून सरळ रुग्णालयात जावे. कायद्याने बांधलेले प्रतीक्षागृह पलीकडे आहेच, पण तिथे हल्ली जागा पुरत नाही. जागा पुरत नाही याचा मला आनंदच आहे.

हे घर व्हर्नाचे माहेर होते. तिला चार मुले झाली होती आणि पाचवे नको होते. ती होडी वल्हवत बाजारगावच्या दवाखान्यात गेली. तिथल्या बाईंनी सांगितले, "नवऱ्याची सही आण, मग बघू." नवरा क्लाइड आत रानात सोन्याच्या खाणीवर होता. तिथे पोचायलाच आठवडे लागत. तो मध्ये एकदा सणाला येऊन गेला, तेव्हा दवाखाना बंद होता. व्हर्ना पुन्हा गरोदर राहिली. त्याच सुमारास नदीमुखाशी कोणीतरी कोळशासाठी तिवरे तोडली होती. समुद्र आत आला, विहिरींना खारट चव लागली. आम्ही तेच पाणी प्यायलो. व्हर्नाचे पाय सुजले, डोके ठणकू लागले. एके दिवशी दुपारी तिला झटके आले. मी होडीत तिचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. बाजारगाव दिसू लागले होते. बाळही वाचले नाही.

दोन. माझे मोठे जाळे आणि नवी इंजिनाची होडी क्लाइड याला द्यावी. तो परत आला तेव्हा व्हर्नाच्या मातीवर गवत उगवले होते. मी त्याला तिथेच म्हणाले, "सही करायला तरी यायचं होतंस." तो म्हणाला, "मला कोणी विचारलं असतं तर दहा सह्या केल्या असत्या." त्यानंतर कितीतरी वर्षे मी त्याला जेवायला वाढले, पण त्याच्याशी धड बोलले नाही. पुढे कळले की माझा राग चुकीच्या पत्त्यावर जात होता. तो सही न करणाऱ्यावर नव्हे, सही मागणाऱ्या नियमावर जायला हवा होता. नियम कुठे बनतात याची मी चौकशी केली. राजधानीत, म्हणाले. मग मी निवडणुकीला उभी राहिले. प्रचाराची होडी क्लाइडनेच चालवली. निवडून आल्यावर त्याने घाटावर सगळ्यांसमोर मला सलाम ठोकला आणि म्हणाला, "आता सही कुणाची लागणार, मेहुणीबाई?" त्या दिवसापासून आमचे बोलणे सुरू झाले.

तीन. माझे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट श्रीमान हारकोर्ट पिलग्रिम, वकील, माजी संसद सदस्य, राहणार राजधानी, यांना द्यावेत. याचा खुलासा करणे आवश्यक आहे.

मी संसदेत जो प्रस्ताव मांडला त्यात तीन गोष्टी होत्या. बाईला मूल कधी हवे, नको, याची सल्लामसलत व औषधे तिच्या एकटीच्या शब्दावर मिळावीत. प्रत्येक नदीमुखाशी दिवस भरलेल्या बायकांसाठी घर आणि होडी असावी. आणि काठची तिवरे कोणी तोडू नयेत. पिलग्रिमसाहेब माझ्याच पक्षाचे. ते उठून म्हणाले, "सन्माननीय सदस्या शयनघरातल्या गोष्टी सभागृहात आणतायत. बरं, ते एक वेळ सोडा. पण झाडांचा आणि बाळंतपणाचा संबंध काय? की आता पोरं झाडाला लागतात?" सभागृह खदखदून हसले.

मी म्हटले, "साहेब, आमच्याकडे तिवरं गेली की समुद्र विहिरीत येतो. ते पाणी पोटुशी बाई पिते. तुमच्या नळाला मीठ लागलं असतं तर हा संबंध तुम्हीच मला समजावला असतात."

हसणे थांबले, पण प्रस्ताव समितीकडे गेला. मी समितीला म्हटले, राजधानीत बसून ठरवू नका, या आणि बघा. ते आले. पिलग्रिमसाहेब चकचकीत बूट घालून आले. सुकती लागली होती, नदीचे पाणी ओसरत होते. मी दोनदा सांगितले, आता निघू नका. त्यांना दुपारच्या जेवणाला परतायचे होते. वाळूच्या पट्ट्याशी आमची होडी चिखलात बसली ती बसलीच.

तेवढ्यात वरच्या अंगाने एक लहान होडी आली. तिच्यात सुमिंत्रा होती, पहिलटकरीण, कळा देत असलेली. तिचा नवरा वल्हे मारून काळानिळा झाला होता. त्यांचे इंजिन बंद पडले होते. त्याने ओरडून विचारले, "तुमच्या होडीत घेता का? वेळ नाही हो!"

सुमिंत्राला आम्ही आमच्या होडीत घेतले. आता होडी ढकलल्याशिवाय गत्यंतर नव्हते. मी बूट घालून उतरले आणि म्हटले, "उतरा सगळे."

"मला पोहता येत नाही," पिलग्रिमसाहेब म्हणाले.

"चिखलात कोणी बुडत नाही, साहेब. फार तर इभ्रत बुडते."

ते उतरले. एक बूट पहिल्याच पावलाला चिखलाने ओढून घेतला, तो आजही तिथेच असेल. सुमिंत्राने कळ आली की जे हाताला लागेल ते धरावे; एकदा त्यांचा टाय धरला. "सोड गं बाई!" ते म्हणाले. "तुम्हीच माझ्या जागी या आणि सोडून दाखवा की!" ती किंचाळली. त्यावर मांड्यांपर्यंत चिखलात जाऊन, आजवर कधी लावला नसेल इतका जोर त्यांनी लावला. होडी सुटली. सुमिंत्राला रुग्णालयाच्या पायऱ्या चढून आत नेले आणि थोड्याच वेळात मुलीचे रडणे बाहेर ऐकू आले.

पिलग्रिमसाहेब धक्क्यावर पाय धूत बसले होते. त्यांनी विचारले, "रोज असंच?"

"नाही," मी म्हटले, "रोज ढकलायला खासदार नसतात."

मतदानाच्या दिवशी पक्षाचा निरोप आला होता, नवऱ्याची सही रद्द करणारे कलम पाडा. नाव पुकारायच्या आधी पिलग्रिमसाहेब उठले. "मला नारळपाणी प्यायचंय," असे मोठ्याने म्हणाले आणि बाहेर गेले. त्यांच्यामागून त्यांचे दोस्तही तहानलेले निघाले. कायदा झाला. त्यांनी माझ्या बाजूने मत दिले नाही, हे मी विसरलेली नाही. वाट सोडली, हेही नाही. बूट त्यांना थोडे घट्ट होतील. त्यांनी ते घालून सुकतीच्या वेळी कधीही यावे, मार्व्हा कसावाच्या कंदाची भाकरी आणि रस्सा वाढेल.

चार. घराच्या दक्षिणेची काठाची जमीन, तिवरांसह, गावाच्या मालकीची व्हावी. ती विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येणार नाही, विशेषतः वाळूवाल्या गोव्हियाला. त्याला तिथे वाळूच्या बोटींचा धक्का हवा आहे. तो दर नाताळला मला डुकराची मोठी तंगडी पाठवतो. आम्ही ती खातो, फार चविष्ट असते, त्याला तसे सांगावे. जमीन मात्र मिळणार नाही.

पाच. तेलाचा घाणा, कढया, झारे आणि गिऱ्हाइके शेजारच्या मुलींच्या बचत गटाला. कढई राखेने घासावी. तारेच्या काथ्याने घासली तर मी स्वप्नात येईन. बँकेत जे काही असेल ते घराच्या डागडुजीला.

सहा. येत्या मंगळवारी राजधानीत समितीची बैठक आहे. तिवरांच्या कलमातून नदीमुखे वगळावीत, कारण देशाला वाळू हवी, विकास हवा, अशी दुरुस्ती कोणीतरी आणली आहे. मलाही विकास हवा. तो पिण्याचे पाणी गोडे ठेवून करता येतो, हे तिथे जाऊन सांगायचे होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, म्हणून मार्व्हा जाणार आहे. ती सुईण आहे, विहिरींचे पाणी आणि बायकांचा रक्तदाब ती बरोबरच तपासते, माझ्यापेक्षा नीट बोलेल. समितीवर आता निम्म्या बायका आहेत. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्या इमारतीत बायकांचे स्वच्छतागृहसुद्धा नव्हते, विचारले की कुलूप लावलेली एक खोली दाखवायचे. म्हणून मला आशा आहे.

काल मी तिला विचारले, "मी मंगळवारच्या आत गेले तर?"

ती चिडली. "असलं काही बोलू नकोस. तू घरात पडलेली असताना मी तिथे जाऊन झाडांवर बोलू?"

"मग कशावर बोलणार? माझ्यावर? माझ्यावर बोलून एक झाड वाचणार आहे?"

ती उठून भांडी घासायला गेली. भांडी फार जोरात घासत होती. म्हणून मी हे तोंडी न ठेवता कलम म्हणून लिहिते, म्हणजे तिला मोडता येणार नाही: तसे घडल्यास मला माशांच्या गोदामातल्या बर्फात ठेवावे. मार्व्हाने सकाळच्या होडीने निघावे, चांगला निळा झगा घालावा, सावकाश बोलावे आणि कोणी हसले तर थांबून त्याचे हसणे संपू द्यावे. परत आल्यावर आधी माझ्याजवळ बसून काय झाले ते सगळे सांगावे, मग मूठमाती द्यावी. मला घाई नसेल.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, म्हणून सही करते.

इस्मे ला रोझ

आमच्या दोघांच्या समक्ष, आणि आम्ही एकमेकांच्या समक्ष, सही केली:
१. सिरिल वॅन लाँग, गावचे मुखिया
२. डॉ. ऑड्री बोवेल

माराबो घाट, पोमेरून नदी
गुरुवार, ९ मे २०१३