विहिरीची पाळी आणि पायथन

१ जानेवारी
संकल्प: पायथन शिकायचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून माझी ती जबाबदारीच आहे. भावकीची एक विहीर, प्रत्येकाला ठरलेला वार आणि त्यावरून सदा भांडणं. हे मी तंत्रज्ञानाने संपवणार. महिना पुरे.

२ जानेवारी
महिना कशाला? आठवडा पुरे. व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहते आहे.

३ जानेवारी, संध्याकाळ
लूप शिकले. एकदा सांगितलं की कॉम्प्युटर तेच काम पुन्हा पुन्हा करतो. 'राम राम' छापायला सांगितलं. कधी थांबायचं ते सांगायचं राहिलं. अजून छापतो आहे. प्रगती उत्तम. आई म्हणाली, "बंद कर व माय ते, पिठाच्या गिरणीवानी वाजून राह्यलं."

४ जानेवारी, रविवार
डिक्शनरी शिकले. नाव लिहायचं, त्यापुढे माहिती. भावकीची नावं आणि पाळीचे वार भरले. बाबांच्या नावाने दोन ओळी: सोमवार त्यांचा, शुक्रवार गोजरा आत्याचा. ती अकोल्याला मुलाकडे गेली तेव्हा पाळी बाबांना देऊन गेली. मग लूप फिरवला. लाल अक्षरात एकही चूक आली नाही, म्हणजे तपासायचं काही उरलंच नाही. आलं तसं भावकीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'कॉम्प्युटर चुकत नाही.' इंद्रभान काकांनी जोडलेले हात पाठवले. डोळे भरून आले.

५ जानेवारी, सोमवार
बाबा विहिरीवर गेले तर काकांचं ओलीत सुरू, पाणी त्यांच्या वावरात चाललेलं. काका म्हणाले, "ग्रुपवर पाह्य ना देवानंद. सोमवार कोणाचाच नाही. वाया कायले जाऊ द्यू?"
बाबांचा हरभरा फुलावर आहे. अर्ध्या वावराला सोमवारचं पाणी, अर्ध्याला शुक्रवारचं. पाणी चुकलं तर घाट्यांत दाणे भरणार नाहीत. मी शांतपणे समजावलं की माणसाची आठवण चुकते, डेटा चुकत नाही. बाबा म्हणाले, "मंग लग्नाआधीपासून सोमवारी म्या काय सपनात ओलीत केलं?"

८ जानेवारी
काकांनी माझं वेळापत्रक छापून मोटरच्या पेटीवर चिकटवलं. माझं पहिलं प्रकाशित काम. बाबा बोलत नाहीत. सुधारकांच्या वाट्याला हे येतंच.

१० जानेवारी
अर्ध्या हरभऱ्याने माना टाकल्या. कॉलेजच्या अफ्रीनला फोन केला. मदत नको होती, फक्त तिचं मत हवं होतं. ती म्हणाली, "पगली, एकच नाव दोनदा लिवलं त मागून लिवलेलं पहिल्याले खाऊन टाकते. पहिल्याच धड्यात सांगते न ते!"
म्हणजे बाबांच्या शुक्रवारने बाबांचाच सोमवार खाल्ला. दुप्पट वेगात ते वाक्य निसटलं असणार. दोष व्हिडिओचा.

११ जानेवारी, रविवार
काकांकडे सोमवार परत मागायला गेले. काका म्हणाले, "देतो न बाई. फक्त ग्रुपवर लिव, चुकलं कोण? कॉम्प्युटर का तू?"
प्रामाणिकपणा हे माझं तत्त्व आहे. दुपारभर लिहिलं, खोडलं. शेवटी पाठवलं: 'तांत्रिक कारणामुळे सोमवार दिसला नाही. सोमवार देवानंद यांचाच.'
काकांनी लिहिलं, 'त्या तांत्रिक कारणाचं नाव वैभवी हाय का?'

१२ जानेवारी, सोमवार
आमच्या हरभऱ्याला पाणी सुरू आहे. ग्रुपवर अख्खी भावकी हसते आहे. सकाळी नीट पाहिलं. पहिलं हसरं तोंड बाबांनी पाठवलं होतं. आठवडाभरात माझ्याशी एवढंच बोलले.