लेआच्या शालूचा पडदा

मी, रिबेका शालोम पेझारकर, वय ७८, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार नाशिकरोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण मागाहून कोण काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

१. राहता फ्लॅट पुतण्या एझरा यास. त्याच्या वडिलांना शब्द दिला होता म्हणून. प्रेमाने दिला असा अर्थ कोणी काढू नये.

२. शिलाई मशीन शेजारच्या सिंधुबाईंची नात वेदिका हिला.

३. आता पडदा. माझी एकुलती एक मुलगी लेआ लग्नाच्या आदल्या आठवड्यात तापाने गेली. तिचा पांढरा शालू घडी न मोडता राहिला. वर्षभर मी त्याला शिवले नाही. मग त्यावर जरीने डाळिंबं आणि हिब्रूत तिचं नाव भरलं. सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, ज्या कपाटात असतो त्याचा पडदा केला. सिम्खात तोराच्या सणाला तो ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये लागतो. त्या दिवशी तोरा छातीशी धरून सगळे नाचतात. तिच्या लग्नात नाचायचे राहिलेले पाहुणे तिथे नाचले.

तीन वर्षांपूर्वी एझरा म्हणाला, "काकू, पडद्याची जर काळी पडलीय. मुंबईहून साफ करून आणतो." सण आला, पडदा आला नाही. विचारलं तर म्हणे, "कारागीर गावाला गेलाय." मला तेव्हाच वास आला. पुढे वेदिकाला मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या एका दुकानाचा फोटो दिसला. मी सिंधुबाईंना घेऊन थेट तिथे गेले. पडदा काचेत होता. खाली चिठ्ठी: 'कोकण, शंभर वर्षं जुना, कारागीर अज्ञात.'

मालक म्हणाला, "तुमचाच कशावरून?" मी पडद्याशेजारी उभी असलेला माझा जुना फोटो पुढे केला. तरी तो हलेना. सिंधुबाई मूळच्या घोटीच्या, त्या कडाडल्या, "तिची लेक हाय ती! काच काढ, नायतर मी काढते."

काच निघाली. एझराने नंतर पाय धरले. मी धरू दिले, पण विश्वास गेला तो गेलाच.

४. पडदा सिंधुबाईंनी सांभाळावा आणि दर सणाला ठाण्याला न्यावा. त्या रोज माझ्या तब्येतीची चौकशी का करतात, हे मला अजून उमगलेलं नाही. म्हणून पडदा ज्या पेटीत ठेवतात तिची दुसरी किल्ली सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे राहील. हे कलम सिंधुबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लिवा, लिवा. पर किल्ली खरंच द्या, मी बी म्हातारीच हाय." त्यांना आणि वेदिकाला या पत्राने काही मिळतं, म्हणून दोघींना साक्षीदार केलेलं नाही.

५. पडदा पुन्हा काचेत जाऊ नये. नाचताना पोरांचे हात लागतील, लागू द्यावेत. टाका सुटला तर वेदिकाने भरावा. एझराला पडद्याला हात लावावासा वाटला तर अडवू नये; लेआ त्याची बहीण होती. फक्त तेवढा वेळ सिंधुबाईंनी शेजारी उभं राहावं.

सही: रिबेका शालोम पेझारकर

बाईंनी आमच्यादेखत सही केली, आणि आमच्या सह्याही चष्मा लावून तपासल्या:
१. डॉ. शेखर हिरामण गायधनी
२. मोहिनी यादव बोराडे

नाशिकरोड, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५