व्हर्ल अकरा आठवड्यांत परत आला

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार. टिमिन्स, कॅनडा

आज सकाळी पुन्हा ओकले. टिमिन्समधला एकोणिसावा दिवस. बाहेर आले तर सिस्टर टोलमन आरशासमोर केस विंचरत होती. मागे न बघताच म्हणाली, "जॉर्गेन्सन, लापशी बंद कर. केळं खा. गिळतानाही त्रास नाही, ओकतानाही नाही."

म्हणजे तिला माहीत आहे! कधीपासून?

टोलमन आल्बर्टाची. गुराढोरांत वाढलेली, माझ्याहून वर्षाने मोठी, दारोदार धर्म सांगत फिरायच्या या मिशनवर चौदा महिने काढलेली. उणे अठरात शीळ घालत चालते. आम्ही दोघींनी एकमेकींना नजरेआड करायचं नाही असा नियम आहे — फक्त बाथरूम सोडून. म्हणून मला जे काही घाबरायचं ते मी बाथरूममध्ये घाबरते.

काल महिन्याचा उपासाचा रविवार. चर्चला चौदा माणसं, त्यात तीन तान्ही. श्रद्धेची साक्ष द्यायला उभी राहिले. "मला ठाऊक आहे की हे सगळं खरं आहे." लहानपणापासून दर महिन्याला हेच वाक्य म्हणते आहे. काल म्हणताना मध्येच अडखळले. मला ठाऊक आहे? मला नक्की काय ठाऊक आहे?

हे पान फाडायला हवं.

५ नोव्हेंबर

बेचाळीस दारं. नऊ उघडली. आठ बंद झाली. नववं कुत्र्याने उघडलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबांचं पत्र. दर आठवड्याला येतं, नेहमीसारखंच. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या. आई बरी आहे. चर्चच्या ओसरीतल्या भिंतीवर माझा फोटो लावला, पितळी पट्टीवर नाव कोरून. "मंडळीतला प्रत्येक जण थांबून बघतो. बिशप म्हणून नाही, बाप म्हणून सांगतो — मान वर झाली."

व्हर्लबद्दल एक अक्षर नाही. कधीच नसतं.

त्याच भिंतीवर व्हर्लचा फोटो होता. माझा भाऊ, माझ्याहून दीड वर्षाने मोठा. मुलांना मिशन चुकत नाही — आणि बाबा मेंढ्या सांभाळून मंडळीचे बिशप, बिशपच्या मुलाला तर नाहीच. ओहायोला गेला. दोन वर्षांसाठी गेला आणि अकरा आठवड्यांत परत आला. विमानतळावर आई त्याच्या गळ्यात पडली. बाबा गाडीच्या किल्ल्या हातात धरून जमिनीकडे बघत उभे होते. आयडाहो फॉल्सपासून घरापर्यंत कोणी बोललं नाही. पुढच्या रविवारी भिंतीवर चार भोकं होती फक्त.

त्याला अडीच वर्षं झाली. व्हर्ल शेताच्या टोकाला ट्रेलरमध्ये राहतो. दिवसा बटाट्याच्या कारखान्यात जातो. सकाळी आधी येऊन मेंढ्यांचं सगळं करतो, बाबा बाहेर पडायच्या आत निघून जातो. बाबांनी त्याचं नाव उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. "तो" सुद्धा म्हणत नाहीत. बायका चर्चमध्ये आईचा हात दाबतात, जणू घरात कोणी गेलंय.

मुलींवर मिशनची सक्ती नसते. मी गेले नसते तर कोणी विचारलंही नसतं. पण ती चार भोकं भरायला कोणीतरी जायला हवं होतं ना!

१२ नोव्हेंबर

पाइन स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा आहे. मिस्टर पेल्की. सोन्याच्या खाणीत पस्तीस वर्षं काढलेला, एकटा राहतो. दार उघडलं आणि म्हणाला, "या या, चहा टाकतो."

"आम्ही चहा घेत नाही," टोलमन म्हणाली.

"बरं, कॉफी."

"कॉफीही नाही."

"बिअर विचारत नाही आता. मग पोरींनो, तुम्ही जगता कशावर?"

"दुधावर," टोलमन.

"वासरं आहात," म्हणाला आणि दार लावून घेतलं. टोलमन कोपऱ्यापर्यंत हसत होती. मी हसले आणि लगेच रडू आलं. थंडीने डोळ्यात पाणी येतं असं सांगितलं.

१९ नोव्हेंबर

आज एका दारासमोर हात वरच गेला नाही. ठोठावायची पाळी माझी होती. बाई खिडकीतून दिसत होती, पीठ मळत होती. मी नुसती उभी. छातीत कोणी वाळू भरतंय असं. टोलमनने किती वेळ वाट पाहिली माहीत नाही. मग तिने माझा हातमोजा धरला, माझीच मूठ दारावर आपटली. बाईने आतूनच नको म्हणून हात हलवला.

"बघ, मेलीस का?" टोलमन म्हणाली.

नाही. पण मेल्यासारखं झालं होतं ते कसं सांगू.

२० नोव्हेंबर

घरी जावंसं वाटतं. लिहून टाकलं. आता ते पानावर आहे.

२६ नोव्हेंबर

मोठा गोंधळ झाला.

पेल्कीच्या पायऱ्यांवरचा बर्फ आम्ही मागच्या आठवड्यापासून काढतो. तो खिडकीतून फावडं कसं धरायचं ते ओरडून सांगतो. आज म्हणाला, आत या, गरम पाण्याला तर तुमच्या धर्माची हरकत नसेल. स्वयंपाकघरात बसवलं. वाटाण्याचं सूप दिलं. टोलमनने लगेच धर्मग्रंथ काढला, आमच्या पंथाच्या संदेष्ट्याची गोष्ट सुरू केली. ती छान सांगते. पेल्की ऐकत होता माझ्याकडे बघत.

"ही बोलत नाही का?"

"सिस्टर जॉर्गेन्सन नवीन आहे."

"नवीन असली तरी तोंड आहे ना. ए पोरी, तुला हे खरं वाटतं का?"

मला ते वाक्य पाठ आहे. झोपेत विचारलं तरी म्हणेन. तोंड उघडलं आणि निघालं — "माहीत नाही. खरं असावं असं फार वाटतं."

टोलमनचा चमचा बशीत पडला.

पेल्की मात्र मागे टेकून बसला. "गेली दहा वर्षं तुमची पोरं येतात दारावर. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. खाणीत ज्याला सगळं ठाऊक असायचं त्याच्याबरोबर मी खाली उतरायचो नाही." मग मला आणखी सूप वाढलं. "पुढच्या बुधवारी या. बर्फ नसला तरी."

बाहेर आल्यावर टोलमन शीळ घालत नव्हती.

"तुला कळतंय का तू काय केलंस?"

"त्याने विचारलं."

"म्हणून सांगायचं? चौदा महिने मी रोज उठून ते वाक्य म्हणते. रोज! तुला काय वाटतं, मला रोज ठाऊक असतं?"

आम्ही दोघीही थांबलो. तिचे कान लाल झाले होते. मग म्हणाली, "चल. अजून अकरा घरं आहेत."



३ डिसेंबर, बुधवार

पेल्कीकडे. टोलमनने आज ग्रंथ काढलाच नाही. पेल्कीचे डोळे अधू झालेत, म्हणून तिने हॉकीची बातमी वाचून दाखवली, अर्धी नावं फ्रेंच, सगळ्यांचे उच्चार चुकीचे. तो पोट धरून हसला.

मग घरचं विचारलं. का कोण जाणे, मी व्हर्लचं सांगितलं. टोलमनलाही माहीत नव्हतं. बिशपच्या पोराने असं केलं, म्हणून मी आले, आणि आता मलाही जावंसं वाटतं पण जाता येत नाही. एका घरातून दोघं परत आली तर बाबांनी तोंड कुठे दाखवायचं?

"का आला परत?"

"घरची आठवण यायची म्हणे."

"म्हणे म्हणजे? तू विचारलं नाहीस?"

"नाही."

"आईने?"

"नाही."

"अडीच वर्षांत कोणीच?" त्याने टोलमनकडे बघितलं, जणू मी काही तिसऱ्या भाषेत बोलले. "आमच्याकडे खाणीतून माणूस वेळेआधी वर आला तर पहिलं विचारतात, खाली काय झालं?"



८ डिसेंबर, सोमवार

व्हर्लला पत्र लिहिलं. चार वेळा. पहिल्या तिन्हीत हवामानच होतं. चौथ्यात एवढंच — "तू का परत आलास? मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मला इथे श्वास घेता येत नाही. नेड्रा."

टपालपेटीत टाकलं आणि लगेच परत काढावंसं वाटलं. हात आत जात नाही!

१५ डिसेंबर

आमच्या मिशनचे प्रमुख, प्रेसिडेंट व्हिटलॉक, टोरोंटोहून आले होते, सगळ्या मिशनरींना एकेकट्याने भेटायला. आठ तास गाडी चालवून. आदल्या रात्री तीनदा उठले मी.

टोलमनने त्यांना सांगितलं असेल असं वाटलं होतं. सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं विचारलं, "कशी आहेस?" आणि मी तिथेच फुटले. सूप, पेल्की, ओकाऱ्या, सगळं. त्यांनी रुमाल दिला. स्वतःचा, वापरलेला.

"तुला इथे राहायचंय का?"

"मला घरी जाता येत नाही."

"हे त्याचं उत्तर नाही झालं, सिस्टर." मग म्हणाले, "नवीन वर्षाच्या दिवशी मी फोन करीन. राहते म्हणालीस तर राहा, जाते म्हणालीस तर तिकीट मी काढीन आणि तुझ्या वडिलांशी मीच बोलेन."

"बाबांशी नको!"

"ते स्वतः बिशप आहेत. समजून घेतील."

मी हसले. रडता रडता. त्यांना वाटलं असेल पोरीचं डोकं फिरलं.

१९ डिसेंबर

उणे एकतीस. व्हर्लचं उत्तर नाही.

२३ डिसेंबर

नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

वर्षातून दोनदा घरी फोन करता येतो, त्यातला एक आज. टोलमनने आपली पाळी मला आधी दिली.

आई रडली, जेवतेस का विचारलं, पुन्हा रडली. मग बाबा आले. बाबांना फोनवर बोलता येत नाही, चर्चच्या व्यासपीठावरून बोलल्यासारखे बोलतात. "आम्हाला तुझा अभिमान आहे. टिकून राहा. टिकून राहणं हीच गोष्ट."

म्हटलं, "बाबा, व्हर्ल आहे का तिथे?"

मला वाटलं लाईन तुटली. श्वास ऐकू येत होता पण. जड, जिना चढल्यासारखा.

"बाबा?"

"आईशी बोल," म्हणाले.

आईने घाईघाईने हवामान विचारलं.

टोलमन तिच्या घरच्यांशी वीस मिनिटं बोलली. सगळे एकदम ओरडत होते तिकडून, गाणं म्हणत होते. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मग तिने डुकराचा भाजलेला पाय गरम केला — पेल्कीने पाठवलेला, जळका — आणि म्हणाली, "जायचं असेल तर जा, नेड्रा. कोणी फासावर देत नाही." पहिल्यांदा मला नावाने हाक मारली.

"तुला आमचं घर माहीत नाही."

"खरंय. पण तुला तरी माहीत आहे का?"

२९ डिसेंबर, सोमवार

ठरलं. राहते म्हणून सांगणार. मनापासून नाही. दुसरी व्हर्ल व्हायची माझ्यात हिंमत नाही, एवढंच. उरलेले महिने ओकत काढीन. माणसं याहून वाईट काढतात.

३० डिसेंबर

आलं! व्हर्लचं. जाड आहे. तो दोन ओळींच्या वर कधी लिहीत नाही. उशीखाली ठेवलंय. उघडवत नाही. काहीतरी घाण केली असेल त्याने ओहायोत, आणि मला ते आयुष्यभर माहीत असेल.

३१ डिसेंबर

पहिली दोन पानं मेंढ्यांबद्दल. मग — "नेड्रा, मी पळून आलो नाही. मार्चमध्ये एका पहाटे बाबांचा फोन आला. मेंढवाड्यातून. बंदूक मांडीवर होती. रडत होते. महिनाभर त्यांना धड झोप नव्हती, आणि सगळे बिशपकडे येतात, बिशप कोणाकडे जाणार? म्हणाले, तू इथे असतास तर. मी ओहायोच्या प्रेसिडेंटना सांगितलं, घरची आठवण येते. बाबा माझ्यावर रागावलेले नाहीत. त्यांना माझ्याकडे बघवत नाही. बंदूक माझ्या ट्रेलरमध्ये आहे. रोज सकाळी मी त्यांच्या आधी मेंढवाड्यात जाऊन बघतो. कोणाला सांगू नकोस."

टोलमनला पत्र वाचायला दिलं. वाचून उठली, टॉवेल घेतला. "मी आंघोळीला चालले. अर्धा तास लागेल. फोन टेबलावर आहे."

बाबांनीच उचलला. म्हटलं, "बाबा, व्हर्लला बोलवा. आणि तुम्हीही तिथेच थांबा."

पुन्हा तो श्वास. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. मागचं दार उघडलं. बाबा अंगणातून त्याला नावाने हाका मारत होते.